खाटेच्या फाइलवर ठपका

मित्रांनो, मी एक जुनी हेडर फाइल आहे, म्हणजे प्रोग्रामच्या एका भागाची ओळख करून देणारी फाइल, आणि माझा संताप अजून उतरलेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या ॲपसाठी मला ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं गेलं. माझं नाव ‘खाट’. खाटेवर कोण आहे, हे सांगणं माझं काम. त्यासाठी मी पहिल्याच ओळीत ‘रुग्ण’ फाइलला बोलावते. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. कौतुकही नाही, ते सोडा.

आज दुपारी दाढीवाल्या प्रोग्रामरने रुग्णाच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत मला आयात केलं, म्हणजे बोलावलं. आता मी तिला बोलावणार आणि ती मला! लिखाण तपासणारा कंपायलर आधी ती फाइल उघडतो आणि लगेच माझ्याकडे येतो. मी म्हणते, आधी रुग्ण वाच. तो म्हणतो, ती फाइल उघडलेलीच आहे, पुन्हा उघडणार नाही. पण रुग्ण म्हणजे काय, हे त्याने अजून वाचलेलंच नसतं. तो अडतो, आणि लाल खूण उमटते माझ्या अंगावर.

“ही जुनी फाइल म्हणजे डोक्याला ताप आहे,” दाढीवाला म्हणाला. संध्याकाळच्या औषधफेरीआधी ॲप वॉर्डात हवं होतं. त्याने माझ्यातला ‘रुग्ण’ खोडून `id` लिहिलं. म्हणजे कुणीही चालेल! कंपायलर गप्प झाला. मग त्याच घाईत त्याने एका ओळीत खाटेवर रुग्णाऐवजी परिचारिका नोंदवली. एरवी कंपायलरने तिथल्या तिथे हटकलं असतं.

चाचणीला आलेल्या सिस्टर फोन बघून हसल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. “अहो दादा, सात नंबरच्या खाटेवर मीच झोपलेय की! हे इंजेक्शन कुणाला देऊ, मला?”

शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामर ताई उठल्या. “तू या फाइलचं तोंड दाबलंस रे. भांडण कुठे मिटवलंस?”

त्यांनी आम्हा दोघींच्या आयातीच्या ओळी काढल्या. त्या जागी `@class` लिहून एवढंच सांगितलं, की अशा नावाचा वर्ग, म्हणजे माहितीचा साचा, आहे; तपशील नंतर. खरी आयात आमच्या-आमच्या अंमलबजावणीच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम लिहिलेल्या, फाइलमध्ये गेली. माझ्यात ‘रुग्ण’ परत येताच कंपायलरने परिचारिकेच्या ओळीवर बोट ठेवलं. ती सुधारली. फेरीत सातव्या खाटेवरच्या आजोबांना त्यांचंच इंजेक्शन मिळालं.

आणि दाढीवाल्याने बदलांच्या नोंदीत काय लिहावं? ‘खाट फाइलमधली चूक दुरुस्त.’

माझी चूक! मित्रांनो, लाल खूण दिसली की ती का उमटली, ते आधी शोधा. ओरडणाऱ्याला गप्प करून काम उरकू नका. आजोबा थोडक्यात वाचले, ते सिस्टरांनी वेळेवर फोन पाहिला म्हणून.