आमच्या अंगणाखालचा गाळ

त्या मंगळवारी दुपारी भूकंपात माझ्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं आणि शब्दकोशाचे चार खंड जमिनीवर पडले. हे ताईकडे सांगितलं तेव्हा भाऊजी हसले. त्यांचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, टेकडीवर. तिथे कपातला चहासुद्धा हिंदकळला नव्हता. भूकंप किरकोळ होता, असं बातम्यांतही आलं. मग भाऊजींनी हळूच विषय काढला: मला भास होत असावेत, आता एकट्याने राहणं पुरे. ताईने वरची खोली झाडूनही ठेवली.

मी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. चूक दिसली की आधी आपलेच डोळे चोळायचे, ही सवय. मलाही वाटू लागलं, कपाट मीच ओढलं असेल.

त्यांची मुलगी, माझी भाची, जमिनीची तपासणी करते. तिने वाद घातला नाही. रविवारी यंत्राचे दोन डबे आणले. एक टेकडीवरच्या अंगणात ठेवला, एक माझ्या. जमीन सतत बारीक थरथरत असते, आपल्याला कळत नाही. डबे ते टिपतात. अर्धा तास हलायचं नाही, असं तिने बजावलं होतं. मी मात्र काळजीने येरझाऱ्या घालत राहिलो.

"मामा, सगळी तुझीच पावलं उमटलीत," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी मी पायरीवर हात मांडीखाली दाबून बसलो.

संध्याकाळी तिने दोन्ही आलेख ताईच्या टेबलावर ठेवले. टेकडीवरची रेघ जवळजवळ सपाट; माझी दातेरी, चौपट उंच. टेकडी म्हणजे नुसता खडक, तिने सांगितलं. माझ्या घराखाली मात्र खडकावर जुन्या नदीच्या गाळाचा जाड थर. लाट खडकातून गाळात शिरली की मंदावते, मंदावली की फुगते, आणि वर-खाली आपटत तिथेच घुटमळते.

"बाबा, मामाचं खरं आहे. तुम्ही दगडावर बसून त्याला वेड्यात काढत होता."

भाऊजींनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवून पाहिलं. मला त्यांचीच कीव आली.

"म्हणजे डोकं शाबूत आहे," ते शेवटी म्हणाले. "जमीनच नाठाळ."

मग अशा जमिनीवर राहायचंच कशाला, असंही त्यांनी विचारून पाहिलं. घर बैठं आहे, भिंती धड आहेत, फक्त कपाटं जखडा, असं भाचीने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते ताईला आणि ड्रिल घेऊन हजर झाले. सहाही कपाटं भिंतीला पक्की करेपर्यंत त्यांच्या भुवया चुन्याने पांढऱ्या झाल्या.

निघताना म्हणाले, "पुन्हा हललं तर लगेच कळवा."

"कळवावंच लागेल," मी म्हणालो. "वर तुम्हाला काही कळायचं नाही."

आयुष्यात इतकं फाडकन मी कुणाला बोललो नव्हतो. जीभ चावणार, तोवर ताई पोट धरून हसत पायरीवर बसली, आणि भाऊजीही तिच्याशेजारी टेकले.