वक्तृत्वाच्या तासाला आलेली बाई

इजिप्तमधल्या मिन्या शहरात, मुलींच्या अध्यापक विद्यालयात मंगळवारचा शेवटचा तास वक्तृत्वाचा असे. हिकमतबाई शिकवायच्या. बोलणारी मुलगी अडखळली की त्यांच्या हातातली पेन्सिल टेबलावर एकदाच वाजायची. पुढे स्वतः शाळा चालवलेल्या, आता नातवंडं खेळवणाऱ्या बायका त्या आवाजाच्या आठवणीने आजही ताठ बसतात. पण चांगलं बोललेल्या मुलीला बाई पर्समधून बडीशेपेची गोळी काढून द्यायच्या, आणि ती गोळी मुली खात नसत, कंपासपेटीत जपून ठेवत. तसे दिवस होते ते. रेडिओवर भाषणं चालायची तेव्हा चहाच्या दुकानात पेल्यांचा आवाजसुद्धा होत नसे. नीट बोलता आलं की देश उभा राहील, असं सगळ्यांनाच वाटायचं.

शेवटच्या वर्षी बाईंनी गट पाडले. प्रत्येक गटाने आपल्या खेड्यांतली एक वाईट चाल निवडायची, तिच्याविरुद्ध बोलायचं, आणि नुसतं बोलायचं नाही, काहीतरी समोर आणून दाखवायचं. शहरात मुलींची नवी शाळा निघत होती आणि बाईंची थोरली बहीण तिची मुख्याध्यापिका होणार होती. पहिल्या आलेल्या गटातल्या मुलींना बाईंच्या शब्दावर तिथे नोकरी मिळणार, हे उघड होतं. बाकीच्यांनी सरकार पाठवेल तिथे जायचं. बहुधा आपापल्या गावीच.

तफीदाला गावी जायचं नव्हतं. तिचं गाव नाईलच्या पलीकडच्या काठाला, होडीने तासाभराचं. तिथे ती तफीदा नव्हतीच. नजियाची पोर होती. नजिया म्हणजे मयताच्या घरी जाऊन शोक गाणारी बाई. कुणाच्या घरी काय झालं हे तिच्या काळ्या शालीवरून गावाला कळायचं. लहानपणी तफीदा दिसली की पोरं छातीवर हात आपटून हेल काढायची. नवऱ्यामागे नजियाने त्याच गळ्यावर पोरीला शिकवलं होतं. शहरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, घरी कोण कोण असतं? तफीदा म्हणाली, आईवडील दोघंही वारले, मावशीने वाढवलं. मुली हळहळल्या, आणि तेव्हापासून सणाला घरून आलेल्या बिस्किटांतला तिचा वाटा ठरून गेला.

तिच्या गटात कौसर आणि नर्गिस होत्या. कौसर वकिलाची मुलगी, मनाने मोकळी, तोंडाने त्याहून मोकळी. विषय तिनेच काढला: खेड्यातलं ऊर बडवून रडणं. तफीदाने मान हलवली. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मग प्रश्न आला, दाखवायचं काय? दुसऱ्या गटाने अंगारे-धुपारे करणारा म्हातारा ठरवला होता म्हणे. नर्गिस म्हणाली, आपण चित्र काढू. कौसर म्हणाली, चित्राने पहिलं येत नाही कुणी, खरी बाई हवी. पण आणायची कुठून?

तफीदाने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "आमच्या गावात आहे एक. मी सांगितलं तर येईल."

तिने आईला सांगितलं ते असं: शाळेतल्या मोठ्या बाईंना जुनी शोकगीतं ऐकायची आहेत, मुलींनी ती शिकावीत म्हणून. फक्त मला तिथे मुलगी म्हणू नकोस, घरचं माणूस आणलं तर बाकीच्या मुली कुरकुर करतील. नजियाला ते पटलं. तिला वाटलं, आयुष्यभर लोकांनी आपल्याला दुःखातच बोलावलं, आता कुणी विद्येसाठी बोलावतंय. तिने आदल्या दिवशी उन्हात कणीक फुगवून पाव भाजले आणि टोपलीभर पाव डोक्यावर घेऊन मंगळवारी विद्यालयात आली. मुलींनी ते तिथेच फस्त केले. कौसर तोंड भरून म्हणाली, "मावशी, रडायचं सोडा आणि बेकरी काढा." नजिया मनापासून हसली. तफीदा फळा पुसत होती.

तास सुरू झाला. नजियाला फळ्याशेजारी स्टुलावर बसवलं होतं, मांडीवर डफ. मुली शुद्ध अरबीत बोलणार होत्या आणि खेडवळ बाईला ती कळणार नाही असं सगळ्या धरून चालल्या होत्या. पण शुक्रवारचं प्रवचन जन्मभर ऐकलेल्या बाईला ती न कळायला काय झालं?

आधी कौसर बोलली. वर्गाला हसवत बोलली. कावळ्यांना मेलेलं जनावर लांबून कळतं तशी या बायकांना मयताची बातमी कळते, शोकाची नीळ तोंडाला फासून धावत येतात, मेलेल्याला ओळखतसुद्धा नाहीत. मागच्या बाकांवर हशा पिकला. नजियाचं हसू तसंच राहिलं होतं, परक्या घरी काही चुकीचं कानावर आलं की राहतं तसं. शेवटी कौसरने तफीदाच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मैत्रिणीचं कौतुकच करायचं होतं तिला.

"ही बाई शोधून आणली ती आमच्या तफीदाने," ती म्हणाली. "हिला ना बाप ना आई. लहानपणीच दोघं गेले. खरं दुःख काय असतं ते हिला माहीत आहे, म्हणून खोट्याची चीड येते हिला."

नजियाने लेकीकडे पाहिलं. तफीदा हिकमतबाईंच्या पेन्सिलीकडे पाहत होती. आता तिची पाळी होती, आणि या क्षणी अडखळलं की सगळं हातचं जाणार होतं. ती पुढे झाली. पाठ केलेलं एक वाक्यही ती विसरली नाही. या बायका अश्रू विकतात, ती म्हणाली. दुसऱ्याच्या दारात रडून रडून यांचं स्वतःचं काळीज कोरडं पडतं. यांच्या घरात वाढणाऱ्या मुलांना खरं रडू कुठलं आणि पोटापाण्याचं कुठलं, तेच कळत नाही. आपण शिक्षिका होणार आहोत. ही विद्या पुढच्या पिढीच्या कानी पडू नये हे आपलं काम. पेन्सिल एकदाही वाजली नाही.

"छान," हिकमतबाई म्हणाल्या. "आता त्यांना सांगा, गाऊन दाखवा म्हणावं."

नजियाने डफ हातात घेतला, पण वाजवला नाही. त्या खेड्यांत मयताशिवाय कुणी शोक गात नाही. घरात कुणी गेलं नसताना त्या ओळी तोंडून काढल्या तर त्या आपला माणूस शोधत जातात असं मानतात. गावच्या लग्नात थट्टेतसुद्धा नजियाने कधी हेल काढला नव्हता.

तिने विचारलं, "कोण गेलंय?"

मुली खुसखुसल्या. नर्गिसने समजावलं की कुणी गेलेलं नाही, नुसतं दाखवायचंय.

"नाव लागतं, बाय. नावाशिवाय गळा सुटत नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तफीदाचे कान तापले. ती घाईने म्हणाली, "कुणाचंही घ्या ना."

"कुणाचंही?"

"हो. तुम्हाला आठवेल त्याचं."

नजियाने शाल डोक्यावरून पुढे ओढली. "मला एक लेक होती," ती म्हणाली, आणि डफावर थाप मारली.

*तफीदे, मेंदी भिजत टाकली होती गं, हात कुणाचे रंगवू?*
*शहरच्या वाटेने गेलीस, होडी रिकामी परतली.*
*पाव उन्हात फुगला गं, खाणारी निजली मातीत.*
*तफीदे, उंबऱ्याशी चप्पल आहे, पाय कुठे ठेवलेस?*

पहिल्या नावाला मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा कुणी हसलं नाही. नजिया ओरडत नव्हती. ऊर बडवत नव्हती. ती फक्त लेकीकडे पाहत, रिकाम्या जागेकडे पाहावं तशी पाहत, एकेक ओळ ठेवत गेली. मुलीला धुवायचं, कफनात गुंडाळायचं, घरातून न्यायचं, खांदेकऱ्यांना सांगायचं की जपून न्या, पोर हलकी आहे. ज्या ज्या पायऱ्या असतात त्या सगळ्या तिने घेतल्या, एकही गाळली नाही. नर्गिस तोंडात रुमाल कोंबून रडत होती. कौसर एकदा तफीदाकडे, एकदा त्या बाईकडे पाहू लागली आणि मग तिने मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

तफीदा फळ्याला टेकून उभी होती. एक शब्द पुरला असता. तो जिभेवर आलाही असेल, पण समोर हिकमतबाई बसल्या होत्या आणि बाईंचे डोळे भरून आले होते.

गाणं संपलं. नजियाने डफ शालीत गुंडाळला, रिकामी टोपली उचलली आणि ती निघून गेली.

बाईंनी चष्मा पुसला. इतकं जिवंत सादरीकरण आपल्या नोकरीत पाहिलं नव्हतं, म्हणाल्या. त्या गाणारीने नाव तुझंच घेतलं हा तर कळसच, तुला सुचलं कसं? तफीदा म्हणाली, सहज सुचलं. पहिला नंबर याच गटाचा, असं सांगून बाईंनी पर्समधून तीन गोळ्या काढल्या. कौसरने आपली घेतली नाही.

गुरुवारी सुट्टी लागली तशी तफीदा होडीने गावी गेली. वाटेत तिने आईला काय सांगायचं ते जुळवलं होतं. आता शहरात खोली घेऊ, तू माझ्याकडेच ये, शाल टाकून दे, असं. दाराशी चटया अंथरलेल्या होत्या. आत भिंतीला टेकून काळ्या कपड्यातल्या बायका बसल्या होत्या आणि मधोमध नजिया, तोंडाला नीळ. गावातल्या सगळ्या बायका तफीदाला ओळखत होत्या. पण नजियाने लेकीच्या नावाने शोक गायला होता, ती मयताशिवाय गात नाही हेही त्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकीच्या घरचं माणूस तिनेच गाऊन पोचवलेलं होतं. शेजारच्या हमीदाने जागा करून दिली आणि बिनसाखरेच्या कॉफीचा पेला तफीदाच्या हातात ठेवला, समाचाराला आलेल्या कुठल्याही बाईच्या हातात ठेवतात तसा.

तफीदा "आई" म्हणाली. नजियाने आवाजाच्या दिशेला मानही वळवली नाही.

बायका वाट पाहत होत्या. पेला हातात घेतल्यावर सांत्वनाचं जे बोलायचं ते ठरलेलं असतं. न बोलता कुणी उठत नाही. तफीदाने कॉफी संपवली. पेला खाली ठेवला.

"तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो," ती म्हणाली.

"तुम्हालाही लाभो, बाई," नजिया म्हणाली. मग हमीदाकडे वळून तिने सांगितलं की पाहुण्या लांबून आल्या आहेत, अंधाराच्या आत त्यांना काठापर्यंत पोचव.