पुढं सोनाबाईनं काय केलं

"मालुबाई, हे पुस्तक तुम्ही वाचावे. तुम्हाला पुष्कळ समाधान मिळेल," मिशनच्या गोऱ्या मिसबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते पुस्तक चटईवर मालुबाईच्या गुडघ्याशी ठेवले.

मालुबाईने खाली बघितले. 'सोनाबाईचे समाधान'. कोरी करकरीत प्रत. आता बघा, शहापुरात, वडगावात, पार निपाणीच्या बाजारापर्यंत हे पुस्तक घरोघर पोचवले कुणी? तर ह्याच मालुबाईने. आणि आज तेच तिच्या पुढ्यात आले होते. एरवी तिला हसू आले असते. आज हसूही आले नाही आणि रागही नाही. तिने नुसती मान हलवली.

परवाच तिच्या शमूला मातीआड केले होते. शमुवेल, एकुलता एक. मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झालेला, दिवाळीनंतर मच्छे गावच्या शाळेवर जायचा होता. मानमोडीच्या साथीचा ताप आला आणि धडधाकट पोर बघता बघता गेले. मिशनच्या आवारात घरटी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे मातीला चार माणसे मिळाली हेच खूप. मालुबाई रडली नाही. रडू आलेच नाही. छातीच्या जागी कुणी ओल्या मातीचा गोळा थापून ठेवावा तसे तिला वाटत होते.

"येत्या रविवारी तुम्ही साक्ष द्यावी," मिसबाई हळूच म्हणाल्या. साक्ष म्हणजे मंडळीपुढे उभे राहून, देवाने आपल्याला कसे सावरले ते सांगायचे. "पुष्कळ घरी दुःख आहे. ह्या पुस्तकाने तुमचे अश्रू कसे पुसले, हे तुम्ही सांगाल तर लोकांना धीर येईल. तुमचे सर्वजण ऐकतात."

बाई मनाने वाईट नव्हती हो. स्वतः तापातून उठून, भिंतीला धरून धरून आली होती. पण दाराशी पोचल्यावर वळून म्हणाली, "ज्या पुस्तकाने आपल्याला समाधान दिले नाही, ते दुसऱ्याला कसे द्यावे, नाही का?" तिच्या मनात काही नव्हते. मालुबाईच्या मनात मात्र ते वाक्य घर करून बसले.

कारण तिचे सगळे जिणे त्या पुस्तकांवर उभे होते. नवरा वारल्यावर मिशनने तिला वाचायला शिकवले, खोली दिली, खांद्याला पुस्तकांची पिशवी दिली. वैद्याने नाडी बघून पुडी द्यावी तसे ती माणूस बघून पुस्तक द्यायची. नवरा दारुडा असला तर एक पुस्तक, सासू छळत असली तर दुसरे. आणि कुणी तोंडाळ म्हातारा 'तुमचा देव खरा कशावरून?' म्हणून अंगावर आला, तर त्याच्यासाठी जाडजूड तिसरे. ते वाचून म्हातारा आणखी चार प्रश्न घेऊन यायचा आणि मालुबाई खूश व्हायची. "वाचून भांडा माझ्याशी, पण वाचा!" असा तिचा खाक्या. पोर गेलेल्या घरी मात्र ठरलेले पुस्तक, सोनाबाईचे. कट्ट्यावर बसून पहिला भाग ती असा वाचायची की बायका पदराने डोळे पुसायच्या. सोनाबाई लेकराला पुरून घराकडे निघते, तिथे मालुबाई पुस्तक मिटायची. "पुढचं तुमी वाचून घ्या," म्हणायची. गोडी लागावी म्हणून. ही तिची युक्ती होती आणि तिचा तिला अभिमानही होता.

आता रविवारी उभे राहून काय सांगायचे? अश्रू पुसले म्हणायचे, तर ते आलेच नव्हते. देवाच्या घरात खोटे बोलायचे, तेही शमूच्या नावावर? आणि खरे सांगितले तर पिशवी गेली, म्हणजे कामच गेले. पिशवी गेली तर मालुबाई म्हणून उरते कोण? तिने नवी प्रत उचलून फळीवर ठेवली आणि पुन्हा चटईवर येऊन बसली.

दुपारी दारात हाक आली. "मालुबाई हायती का?"

शहापूरची बायाक्का. घरी माग, नवरा-बायको दोघे लुगडी विणणारी. प्लेगात हिची पोरगी यल्लू गेली, तेव्हा मालुबाई तिच्या कट्ट्यावर सोनाबाई घेऊन गेली होती. त्या घरात मालुबाईला कधी उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते. पाणी द्यायचे तेही वरून ओंजळीत. आणि आज तीच बायाक्का डोक्यावर फडक्यात बांधलेली ताटली घेऊन सरळ आत आली आणि चटईवर टेकली.

"बायाक्का, आत आलीस?" मालुबाई एवढेच म्हणाली.

"माती झालेल्या घरी कोन दारात हुबं ऱ्हातंय व्हय? घरला जाऊन आंघुळ करीन, त्यात काय!" तिने फडके सोडले. भाकरी, पिठले, कांदा. "कडू घास आणलाय. चूल पेटली न्हाय न्हवं तुमची?"

ज्या घरी माणूस जाते त्या घरी चूल पेटवायची नाही, सोयऱ्यांनी भाकरी आणून दोन घास बळेबळे भरवायचे, ही आपल्याकडची रीत. मालुबाईला सोयरेच नव्हते. ती भाकरीकडे बघत राहिली.

बायाक्काने ताटलीखालून आणखी एक वस्तू काढली. पुस्तक. सोनाबाईचेच, पण पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचे थरावर थर. कोपरे तेलाने काळे पडलेले.

"ह्याचं काय केलंस गं हे?"

"का? पुजलं," बायाक्का म्हणाली. "खंडेनवमीला आमी माग पुजतो, धोटा पुजतो. ज्याच्यावर प्वाट चालतंय त्ये पुजायचं. तुमचं प्वाट ह्याच्यावर चालतंय न्हवं? मग ह्ये तुमचं हत्यार. तवा धोट्याशेजारी ठेवतो दरसाल. औंदा बी कुक्कू लावलं, आन् दुसऱ्या दिशी तुमच्या शमूचं कळलं."

दुसऱ्या वेळी मालुबाईने तिला दगडधोंड्यांच्या पूजेवर अर्धा तास ऐकवले असते. आज तिने पुठ्ठ्यावरून बोट फिरवले. बोट लाल झाले.

"एक इचारू का?" बायाक्का म्हणाली. "तवा तुमी वाचलासा, सोनाबाई लेकराला पुरून घराकडं निगाली. आन् मिटलासा. म्हणालासा, पुढचं वाचून घ्या. आमच्यात वाचतंय कोन, मालुबाई? माग वाचतोय का धोटा? म्या कैकदा इचारीन म्हटलं. पर लाज वाटायची. घरला जाऊन काय केलं वो तिनं?"

मालुबाईला एकदम सारे कट्टे दिसले. सगळीकडे अंगठेबहाद्दर बाया, सगळीकडे ती पुस्तक मिटून उठलेली. ह्या सगळ्या जणी सोनाबाईला अर्ध्या वाटेवर धरून बसल्या होत्या, आणि तिला कधी सुचले नाही!

तिने पान काढले. पाठ असूनही बघून वाचले. "'सोनाबाई गृही आली. तिने नेत्र पुसले. तिचे अंतःकरण आनंदाने भरून गेले व तिच्या मुखातून स्तुतीचे गीत निघाले.'"

बायाक्काने वाकून त्या पानाकडे बघितले. मग म्हणाली, "त्याच दिशी?"

"त्याच दिवशी."

"आदी जेवली न्हाय?"

"ते लिहिलेलं न्हाई."

"मग लिवणारा बाप्या आसंल," बायाक्का म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला. "मला तर लई दिस रडू बी न्हवतं आलं. लोक म्हणायची, दगूड हाय ही. मग कवातरी मागावर बसल्या बसल्या आलं. येतंय वो. आ करा."

मालुबाईने तोंड उघडले. घास तोंडातच घोळत राहिला. बायाक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसरा घास केला. तो गेला. पिठल्यात मीठ जास्त झाले होते, तेवढे मालुबाईला कळले. तीन दिवसांत तिला कळलेली तेवढी एकच गोष्ट.

रविवारी मिशनच्या देवळात निम्मे बाक रिकामे होते. मालुबाई उभी राहिली तेव्हा तिच्या हातात कोरी प्रत नव्हती, बायाक्का ठेवून गेलेली कुंकवाची होती. पुढच्या बाकावरच्या मिसबाईंची नजर पुठ्ठ्यावर गेली आणि तिथेच अडकली.

"ह्या पुस्तकात सोनाबाई गाते," मालुबाई म्हणाली. "मला गाता आलं नाही. रडताही आलं नाही. देवाला हाक मारली, पण आतून काहीच उठलं नाही. मग बायाक्का आली शहापूरची. तिनं भाकरी आणली. मी खाल्ली."

 उपासना चालवणारे पाळकसाहेब हलकेच म्हणाले, "आणि मग, मालुबाई?"

"मग काही नाही, साहेब. खाल्ली."

ती खाली बसली. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला आणि मग तो थांबेना.

मंगळवारी मिसबाईंचा निरोप आला. मालुबाईंनी आता विश्रांती घ्यावी, खोली त्यांचीच राहील, पिशवी मात्र गड्याबरोबर पाठवून द्यावी. मालुबाईने पिशवी झटकून, पुस्तके नीट लावून दिली. कुंकवाची प्रत मात्र तिच्यात घातली नाही.

मग तिने बायाक्काची ताटली घेतली. कुणाचे भांडे रिकामे परत करू नये म्हणतात, आणि घरात तर काहीच नव्हते. तिने ताटलीत ते पुस्तक ठेवले, फडके बांधले आणि शहापूरची वाट धरली.

बायाक्का मागावर होती. मालुबाईने उंबऱ्याबाहेरूनच ताटली पुढे केली. तिने फडके सोडून बघितले, पुस्तक उचलले आणि कोनाड्यात जिथे असायचे तिथे ठेवून दिले. "पिशवी कुटं?"

"दिली."

बायाक्का पुन्हा मागावर जाऊन बसली. मग विचारले, "आज काय वाचणार मग?"

"काही नाही. बसते नुसती."

"बसा की. आत या, भाईर ऊन हाय," बायाक्का म्हणाली आणि तिने पुन्हा धोटा टाकला. मालुबाई उंबरा ओलांडून आत गेली आणि भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून बसली.