भागूबाईंचा नंबर

“आ करा. असा नाय, मोठा! दिवाळीत करंजी खाताना कसं तोंड उघडता, तसं उघडा बरं.”

खुर्चीतल्या फोरमनला हसू आलं आणि हसता हसता त्याचं तोंड हवं तेवढं उघडलं. डॉक्टर सायलीने लगेच आरसा आत घातला. भागूबाई थुंकी ओढणारी नळी धरून उभ्या राहिल्या. अशी तोंडं उघडून घेण्यात त्यांचा हात धरणारं बजाजनगरात कुणी नव्हतं.

मध्ये चूळ भरायला उठला तेव्हा फोरमनने हळूच विचारलं, “मावशी, मशीननं साफ केलं की दात हलायला लागतात म्हणं?”

“कोनी सांगितलं? दात हलतात ते किटणानं. हिरडीखाली दगड साचतो, मग हिरडी सुटती, आतलं हाड झिजतं. दगड काढला की हिरडी पुन्ना दाताला धरती. वेळंवर येत जा, म्हातारपणी ऊस सोलून खाल.”

एकोणीस वर्षांत हे उत्तर त्यांनी किती जणांना दिलं असेल, देव जाणे. फरशी पुसायला म्हणून त्या या दवाखान्यात आल्या. मग नंबर लावू लागल्या, अवजारं उकळू लागल्या. थोरले डॉक्टर थकले, त्यांची पुतणी सायली आली, खुर्ची बदलली, मशीन बदललं. भागूबाई तेवढ्या तशाच राहिल्या. आणि गंमत अशी, की आपण देत असलेल्या या उत्तरावर त्यांचा स्वतःचा काडीइतकाही विश्वास नव्हता.

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी आपल्या आईला गावाहून आणून याच दवाखान्यात दात साफ करून घेतले होते. दोन महिन्यांत आईचे पुढचे चार दात गळाले, वर्षाच्या आत बाकीचे. शेवटची सहा वर्षं ती माउली दुधात कुस्करलेल्या भाकरीवर जगली. हुरड्याच्या दिवसांत घरातले सगळे शेकोटीभोवती बसले, की ती उठून आत जायची. भागूबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. ज्याचं मीठ खायचं त्याचं वाईट कसं बोलायचं? पोटासाठी जीभ बोलत राहिली आणि मनात आईचं बोळकं तोंड तसंच राहिलं.

स्वतः भागूबाई त्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. आईनेच लावलेली सवय होती, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी. सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांवर घासायची. मिसरीनं हिरडी कडक होते, आई म्हणायची. आणि खरंच, भागूबाईंच्या हिरड्यांतून कधी रक्ताचा थेंब आला नव्हता. रोज इतक्या रक्ताळलेल्या हिरड्या पाहणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? कोरोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आला, तो भागूबाईंना देवासारखा पावला. इतरांनी मास्क कधीच काढून टाकले. यांनी मात्र ठेवला, चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून पीत. सायली आली ती त्यानंतर, त्यामुळे त्यांचे काळे दात तिनेही पाहिले नव्हते.

पण या संक्रांतीपासून खालचा एक दात हलत होता. दिवसातून शंभरदा जीभ तिथंच जाई, आणि प्रत्येक वेळी त्यांना हुरड्यावरून उठून जाणारी आई दिसे. आपलंही तेच होणार, ही भीती त्यांनी मास्कच्या आतच दाबून ठेवली होती.

फेब्रुवारीत कन्नडच्या पुढं एका गावात दवाखान्याचं शिबिर होतं. शाळेच्या व्हरांड्यात घडीची खुर्ची मांडली, वायर ओढून मशीन जोडलं. गडीमाणसं तपासून झाली. बायका मात्र भिंतीला पाठ लावून, तोंडाला पदर लावून बसलेल्या. एक उठेल तर शपथ. सायलीने हिरड्यांचे मोठे मोठे फोटो दाखवले, समजावून समजावून तिचा घसा कोरडा पडला.

“नंबर एक!” भागूबाईंनी तिसऱ्यांदा हाक दिली.

पुढं बसलेल्या केसरबाई, गावातल्या मानाच्या म्हाताऱ्या बाई, म्हणाल्या, “काय गरज नाय बाई. साफ केलं का दात पडत्यात. मपल्या जावंचे पडले.”

“तसं नसतंय, मावशी. दात हलतात ते किटणानं. हिरडीखाली दगड...”

“ते ऱ्हाऊ द्या. तुमी कवा साफ केले? काढा बरं ते फडकं, पाहू द्या आमाला.”

सगळ्या बायका भागूबाईंकडे पाहू लागल्या. भागूबाईंनी हातातली नंबराची चिठ्ठी दुमडली. दाढ दुखते, सर्दी झालीय, काहीही सांगता आलं असतं. पण समोर बसलेल्या प्रत्येक पदरामागे त्यांना आपलंच तोंड दिसत होतं. त्यांनी कानामागची दोरी सोडली आणि मास्क काढला.

मागून एक पोरसवदा सून खुदकन हसली, “अवं माय, ह्या तं आपल्यातल्याच निघाल्या!”

सगळ्या हसल्या. सायली तेवढी हसली नाही. “मावशी, अहो एकोणीस वर्षं...”

“व्हय मॅडम. एकोणीस वर्षं लोकाला सांगते आन मी बसत नाय.” भागूबाई सायलीकडे वळल्या. “मपल्या आईचे दात साफ केले आन दोन महिन्यात पडले. थोरल्या डॉक्टरांनी केले होते. मला सांगा, कामून पडले?”

सायली खुर्चीजवळच्या स्टुलावर बसली. “साफ करायच्या आधी त्यांचे दात हलत होते का?”

भागूबाई सांगायला गेल्या, की नाही. आणि थांबल्या. आई भाकरीचा तुकडा अंगठ्याने दाबून एकाच बाजूने चावायची. वर्ष-दोन वर्षं. ‘भागे, एकदा डॉक्टरला दाखवू का?’ असं ती म्हणालीही होती. ‘वय झालं, हलनारच,’ असं यांनीच म्हटलं होतं.

“हलत होते,” त्या म्हणाल्या.

“मग ते दगडानंच एकमेकांना धरून ठेवले असणार. दगड निघाला आणि जे आधीच झालं होतं ते उघडं पडलं. काकांनी तेव्हा नीट समजावून सांगायला हवं होतं.” सायलीने विचारलं, “तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं?”

“कधीच नाय.”

“तंबाखूनं ते दबतं, मावशी. रक्त येत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि आतून पोखरणं चालूच असतं.”

भागूबाई रडल्या. चारचौघींत, पदर न घेता, ढसाढसा. आपण आईला वेळेवर आणलं नाही, आणि दोष मात्र ज्याचं खातो त्या दवाखान्याला मनातल्या मनात देत राहिलो, हे दोन्ही एकदमच त्यांच्या अंगावर आलं. केसरबाई उठल्या, जवळ आल्या आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

नाक पुसून भागूबाई म्हणाल्या, “एक नंबर माझा लावा.”

मशीन सुरू झालं. बायका भिंत सोडून खुर्चीभोवती गोळा झाल्या. खालच्या दातांमागून काळ्या खपल्या निघून तसराळ्यात पडू लागल्या, तशा केसरबाई वाकून वाकून पाहत होत्या. “बया, चुलीच्या मागं बी एवढं नसतं!” त्या म्हणाल्या. भागूबाईंना तोंडात नळी असताना हसू आलं. ते किती अवघड असतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

“चार दिवस गार पाणी झोंबेल,” सायलीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “फटी जाणवतील, घाबरायचं नाही. हा हलणारा एक दात बहुतेक जाईल, ते मी लपवत नाही. बाकीचे राहतील. पण मिसरी सोडावी लागेल.”

भागूबाईंची जीभ दातांमागे गेली. जिथं भिंत होती तिथं वारा लागत होता. त्या घाबरल्या, आणि तरीही उठून पुढची चिठ्ठी हातात घेतली.

“नंबर दोन.”

“मीच की,” म्हणत केसरबाई खुर्चीत बसल्या. “पर हळू करा बाई.”

मिसरी सुटता सुटेना. पहिले पंधरा दिवस डोकं ठणकायचं, भागूबाई पेशंटवर खेकसायच्या आणि खिशातली बडीशेप चघळायच्या. दोनदा त्यांनी डबी पुन्हा उघडली आणि दोन्ही वेळा सायलीला येऊन सांगितलं. हलणारा दात एप्रिलमध्ये गेला. बाकीचे टिकले. तीन महिन्यांच्या तपासणीत सायलीने हिरडीखाली सळई घालून पाहिली, तर ठिपकाभर रक्त आलं. सायली म्हणाली, “आता हिरडी खरं बोलायला लागली.”

पुढचा हिवाळा आला. तपासणीला आलेला तोच फोरमन या वेळी बायकोला घेऊन आला होता. बायको दारातच अडली. “मशीननं दात हलत्यात म्हणं, मावशी?”

भागूबाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला. “हा गेला,” खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “उशीर केला म्हून गेला. हे ऱ्हायले, ते मी खुर्चीत बसले म्हून ऱ्हायले. बसा.”

बाई बसली.

दुपारी केसरबाईंचा नातू कन्नडच्या एसटीने येऊन एक पिशवी देऊन गेला. आत भाजलेला हुरडा होता, अजून कोमट. भागूबाईंनी मास्क काढून खुंटीला अडकवला, खिडकीपाशी, लोकांच्या समोर बसल्या आणि पहिली मूठ तोंडात टाकण्याआधी तिच्यातले चार दाणे आईच्या नावाने वेगळे काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. मग सावकाश, दोन्ही बाजूंनी चावत राहिल्या.