लोण्यावर पोसलेला देव

आसग्रीमच्या घरात त्या दिवशी चुलीपेक्षा पाद्रीबाबाच जास्त धुमसत होते.

"आदी त्यो ओंडका जाळा. मग पोरीला बाप्तिस्म्याचं पाणी लावतो," ते उंबऱ्यातूनच म्हणाले.

पोर तीन दिवसांची, थंडीनं निळी पडलेली. आइसलंडात झाड शोधून सापडत नाही; गोवऱ्या संपलेल्या, आणि चुलीत घातलेली दलदलीच्या मातीची ओली ढेकळं नुसती धूर ओकत होती.

ओंडका म्हणजे थोर, लाकडात कोरलेला गडगडाटाचा जुना देव. आसग्रीमच्या आज्यानं नॉर्वे सोडताना त्याला बायकोच्या आधी गलबतात चढवलं होतं. तीन पिढ्या दर बेस्तरवारी त्याच्या तोंडाला लोणी. एवढं लोणी आसग्रीमच्या तोंडाला जन्मात लागलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात देशाच्या सभेनं ठरवलं, सगळ्यांनी ख्रिस्ताचं व्हायचं. जुना देव चोरून पुजला आणि कुणी बघितलं नाही, तर चालेल. म्हणून थोर मेंढवाड्यात गेला. आज पाद्रीबाबा लघवीला म्हणून तिकडं गेले आणि त्यांनी बघितलं.

"बाबा, आज्याचा हाय वो त्यो."

"मग आज्याकडं जाऊ दे."

"अवो, बसलाय काय!" बायको योरुन कडाडली. "पोर चाललीया! तशीच गेली तर गावाभाईर पुरत्याल तिला!"

आसग्रीमनं कुऱ्हाड उचलली आणि मेंढवाडा गाठला. "गड्या, डोळं मिट," तो थोरला म्हणाला. थोरचे डोळे कोरलेले होते. ते मिटेनात.

साठ वर्षांचं लोणी मुरलेलं लाकूड ते! मशालीसारखं पेटलं. घर इतकं तापलं, की पाद्रीबाबांनी अंगरखा काढला. पोर लाल झाली आणि पाणी लागताच टाहो फोडून रडली.

"बगितलंस? नव्या देवाचा परताप!"

"व्हय बाबा," आसग्रीम पायाकडं बघत म्हणाला. त्याच जाळावर शिजलेल्या लापशीचा दुसरा वाडगा त्याच्या हातात होता. अशी लापशी त्यानं कधी खाल्ली नव्हती, आणि तेच त्याला खात होतं.

पुढच्या बेस्तरवारी सवयीनं त्याच्या बोटावर लोणी आलं. लावायला तोंडच नव्हतं.

"आता काय माज्या तोंडाला फासताय?" योरुन म्हणाली.

त्यानं बोट पोरीच्या ओठाला टेकवलं. पोरीनं ते चाटून साफ केलं.

थोरनं साठ वर्षांत एकदाही चाटलं नव्हतं. हे मनात आलं, आणि आसग्रीमला चुलीतल्या राखेकडं बघवेना.