नदीकाठच्या सावल्या

संग्रहालयातल्या त्या चित्राची मी आजवर चौदा वेळा नक्कल केली. नदी, काठावर सहा झाडं आणि वर पिवळट तपकिरी संध्याकाळ. हे चित्र जमलं की निसर्गचित्र जमलं, असं आमचे सर म्हणायचे. चित्रकाराला जाऊन शंभर वर्षं झालेली, त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती. सर म्हणतील ती पूर्व दिशा.

ताई आणि मी एकाच वर्गात होतो. ती तीन वर्षांनी मोठी आणि हाताने माझ्या कितीतरी पुढे. वर्षाअखेरीला सर दोघींपैकी एकीला मदतनीस म्हणून ठेवून घेणार होते. दुसरीने रंगांचा नाद सोडून कामाला लागायचं, हे घरी ठरलेलंच होतं.

शेवटच्या नकलेत ताईने आकाश रंगवलं ते लख्ख निळं. सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"दुपार आहे, सर. झाडांच्या सावल्या बघा ना, बुंध्यापाशीच संपतात. वरचा पिवळेपणा जुन्या व्हार्निशचा असेल."

"शंभर वर्षं सगळे आंधळे होते, आणि एकटीला तुला दिसलं?" सर माझ्याकडे वळले. "तू सांग गं. दुपार की संध्याकाळ?"

"संध्याकाळ," मी म्हणाले.

सरांनी सुरीने तिचं ओलं आकाश खरवडून काढलं आणि सुरी तिच्याच फडक्याला पुसली. ताई रडली नाही. तिने ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, कोरडे केले आणि माझ्या पेटीत ठेवून दिले. पुढच्याच आठवड्यात ती कपड्यांच्या कारखान्यात लागली. गेली सव्वीस वर्षं ती तिथे कापडाला धाग्याचा रंग जुळवून देते. मी आधी सरांची मदतनीस झाले, मग त्यांच्या खुर्चीत बसले, आणि पोरांना तीच तपकिरी संध्याकाळ घोटायला लावत राहिले.

या महिन्यात संग्रहालयाने चित्र साफ करून घेतलं. कापसाच्या बोळ्याने व्हार्निश उतरवणाऱ्या बाईंनी मला आत बोलावून दाखवलं. भर दुपार होती. आकाश अगदी ताईचं. मी स्टूल ओढून बसले. म्हणजे मी इतकी वर्षं शंभर वर्षांचा मळ शिकवत होते, तोही तोऱ्यात. पण त्याचं एवढं काही वाटलं नाही. ताईने माफ केल्याशिवाय मला आता ब्रश धरवणार नव्हता, हे मात्र तिथेच कळून चुकलं.

जेवणाच्या सुटीत कारखाना गाठला. ताई खिडकीखालच्या टेबलाशी रिळं लावत बसली होती. चष्म्याच्या काचा आणखी जाड झाल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तुझं बरोबर होतं, ताई. मला तेव्हा दिसलंच नाही गं. माझी नजरच तेवढी तयार नव्हती."

"दिसलं नाही?" तिने मान वरसुद्धा केली नाही. "त्या दिवशी निघताना तुझी नक्कल बघितली मी. एकूण एक सावली तू चार बोटं लांब केली होतीस, संध्याकाळला शोभेल अशी. मूळ चित्रात त्या आखूड आहेत हे दिसल्याशिवाय कुणी लांब करतं का?"

ताईने दोन रिळं उचलून कापडाच्या तुकड्याशेजारी धरली.

"बाजूला हो," ती म्हणाली. "उजेड अडतोय."