नाळेसाठी केलेली डबी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी डबी आहे. तळहातावर मावेन एवढी. यात्सुशिरो गावातल्या कानजी नावाच्या पेटीकाराने मला हलक्या, पांढऱ्या लाकडातून घडवलं. आमच्याकडे बाळाची सुकलेली नाळ अशा डबीत जपून ठेवतात. कानजीची मुलगी मिहोको लग्न होऊन चटईवाल्या उशिजिमांच्या घरी निघाली, तेव्हा त्याने मला तिच्या कपड्यांच्या घडीत ठेवलं. नातवंडाची आस होती त्याला.

मिहोकोचा नवरा शुनसाकू लव्हाळ्याच्या चटया विणायचा. हाताला वेग होता, स्वभावाने हसरा होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, जुलैतल्या लव्हाळ्याच्या कापणीत, तो भर शेतात आडवा झाला. अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. इस्पितळात सांगितलं, अपस्मार आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायची. त्याची आई तोमे लाजेने अर्धी झाली. गोळ्यांची पाकिटं शेजाऱ्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून तिने गोळ्या सोडवून माझ्यात ओतल्या. "बाळ होईल तेव्हा रिकामी करू," म्हणाली.

झटके थांबले. माझं केवढं कौतुक झालं! तोमे मला देवघरातल्या फळीवर ठेवून हात जोडायची. दर तीन महिन्यांनी डॉक्टर विचारायचे, झटका आला का? शुनसाकू म्हणायचा, नाही. उत्तम, म्हणत ते पुढचा कागद ओढायचे.

मित्रांनो, संध्याकाळच्या गोळीसाठी मी शुनसाकूच्या उशाशी असायची, म्हणून मला ठाऊक आहे. आधी त्याला जमेनासं झालं. मग त्याला वाटेनासंच झालं. दमलोय, असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करायचा. शेजारी शेजारी अंथरलेल्या दोन गाद्यांमध्ये आधी वीतभर अंतर पडलं, मग हातभर. मिहोकोने केस कापून पाहिले, नवा झगा शिवून पाहिला. शेवटी एकदा सकाळी जेवणाच्या वाट्या मांडता मांडता तिने विचारलं, "अहो, दुसरी कोणी आहे का?"

"कोणी नाही."

"मग मी आवडत नाही?"

"तसं नाही गं." त्याने भाताची वाटी खाली ठेवली. "मला काही वाटतच नाही. शेतातलं बुजगावणं झालोय मी."

तोमेला हे काय माहीत? ती शेजारणींसमोर सुनेला टोमणे मारायची. कुणाला तिसरं झालं, कुणाला जुळी झाली, आमच्याकडे मात्र जमीनच नापीक. मिहोको खाली मान घालून ऐकायची आणि म्हणायची, माझ्यातच काही कमी असेल. नवऱ्याची झाकली मूठ तिने उघडली नाही.

एकदा शुनसाकूने हिंमत केली. मी त्याच्या कोटाच्या खिशात होते. डॉक्टरांना म्हणाला, एक विचारायचं होतं. पण परिचारिका तिथेच उभी होती, दार सताड उघडं होतं, बाहेर गावातली माणसं बसलेली. डॉक्टरांनी घड्याळ पाहत विचारलं, झोप फार येते का? "हो," तो म्हणाला, "तेच."

त्यानंतर त्याने आपल्याच मनाने ठरवलं. आधी संध्याकाळची गोळी घरामागच्या पाण्याच्या पाटात टाकायला लागला, मग दोन्ही. आई आणि बायको मी रिकामी होताना पाहत होत्या, त्यांना शंका आली नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. चटईचे काठ शिवताना तो मिहोकोची थट्टा करायला लागला, आणि ती लाजलीसुद्धा. गाद्या पुन्हा जवळ आल्या. मित्रांनो, बाळासाठी रिकामी होण्याची आशा मला तेवढीच मिळाली, जेमतेम नऊ दिवस.

दहाव्या दिवशी चटईची कड कापताना त्याला झटका आला. हातात रुंद पात्याची सुरी होती. तीन बोटांच्या शिरा तुटल्या. बोटं राहिली, पण सुई धरण्यापुरतीही वळेनात.

पाटाच्या जाळीला अडकलेल्या, अर्धवट विरघळलेल्या गोळ्या तोमेला सापडल्या. तिने सुनेला धारेवर धरलं. "तूच सोडायला लावल्यास. पोरासाठी माझा मुलगा मारायला निघालीस."

शुनसाकू दोन हातांच्या अंतरावर अंथरुणात होता. जागा होता. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि त्याने डोळे मिटून घेतले. मी पाहिलं आहे.

मिहोको त्या शरदात माहेरी गेली. निघताना मला उचललं, बापाच्या हाताचं काम म्हणून अंगठ्याने पुसलं आणि परत ठेवलं. "राहू दे इथंच. तुमच्या गोळ्या आहेत तिच्यात," ती म्हणाली. मग दारातून, "अहो, त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तरी मी राहिले असते."

पुढे वर्षामागून वर्षं गेली. गोळ्या वेळेवर, झटका नाही, डॉक्टर खूश. माझ्या कडा काळ्या पडल्या. मग त्या डॉक्टरांच्या जागी एक बाई डॉक्टर आल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत उठून दार लावलं आणि विचारलं, "गोळ्या सुरू झाल्यापासून शरीरसंबंधात काही फरक पडला का?"

शुनसाकू म्हणाला, "पडला. बारा वर्षं झाली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजवर कोणी विचारलं नाही?"

"विचारलं ना. झटका आला का, असं."

त्यांनी सांगितलं, या औषधाने बऱ्याच पुरुषांना असं होतं. कधी आजाराने होतं, कधी काळजीनेही. रक्त तपासलं, औषध हळूहळू बदललं. काही महिन्यांनी त्याला पुन्हा बाईमाणसाची ओढ वाटायला लागली. पण त्याच्या खोलीत आता एकच गादी अंथरली जात होती. मिहोको हितोयोशीला दुसऱ्या घरी नांदत होती, दोन मुलींची आई झाली होती.

एके दिवशी तोमे ओसरीवर सुकवायची पर्सिमन फळं सोलत होती. तो समोर बसला. "आई, मिहोकोचा दोष नव्हता. गोळ्यांनी मला तसं केलं होतं. आणि त्या मी सोडल्या होत्या, माझ्या मनाने. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं."

म्हातारीचा हात थांबला. "हे आता सांगतोस?" एवढंच म्हणाली, आणि पुढचं फळ घेतलं.

मित्रांनो, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. त्याची किंमत मी पाहिली आहे. पण अंगात जे बदललं ते डॉक्टरांना सांगा. मान खाली घालून सांगा, जीभ रेटत नसेल तर कागदावर लिहून द्या, पण पहिल्याच वर्षी सांगा. आणि डॉक्टरांनो, तुम्ही आधी दार लावून घ्या.